रंगावर जाऊ नका, क्रमांक वाचा (धागा)

१/ ‘इलेक्ट्रिक ट्रॅक्टर ही कालपरवाची गोष्ट’ हे विधान सध्या सर्रास केले जाते. सोनालिकाने ‘टायगर इलेक्ट्रिक’ २०२० साली आणला, हे खरे. परंतु १९७०च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे ‘इलेक-ट्रॅक’ हे विजेवर चालणारे बागेचे ट्रॅक्टर विकले जात होते. यंत्रांचा इतिहास जाहिरातींवरून लिहिला की असेच होते.

२/ इलेक-ट्रॅकमध्ये सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, म्हणजे ३६ व्होल्ट. ई-८, ई-१२, ई-२० अशी त्याची मॉडेल. पुढे व्हील हॉर्स आणि न्यू आयडिया या नावांनीही हीच घडण बाजारात आली. नावे तीन, कुळ एक! याउलट, एकाच नावाखाली सांगाडे मात्र लहान-मोठे. त्यामुळे एकाचे गवत कापण्याचे अवजार दुसऱ्याला बसेलच असे नाही.

३/ डिझेल ट्रॅक्टरांचीही हीच कथा. मॅसी फर्ग्युसन ३५ प्रथम स्टँडर्ड कंपनीच्या चार सिलिंडरी डिझेल इंजिनासह आला. १९५९च्या अखेरीपासून पर्किन्सचे तीन सिलिंडरी इंजिन आले. नाव तेच, पण एकाचे हेड वा क्रँकशाफ्ट दुसऱ्याला चालत नाही. ‘३५चा पार्ट द्या’ एवढ्यावर अनुभवी दुकानदार डबा उघडत नाही. आधी ‘कोणते इंजिन?’ असे विचारतो. इतिहासकाराचाही पहिला प्रश्न हाच हवा.

४/ आक्षेप ठरलेला : ‘हे मिस्त्रीचे काम, इतिहासाचे नव्हे.’ मग शिवराईवरील अक्षरांच्या वळणावरून तिचे प्रकार ठरवणे हा इतिहास कसा? तांब्यावरील अक्षर पुरावा ठरते, तर बिडाच्या ओतीव भागावरील क्रमांक का ठरू नये?

५/ जालन्यात हा प्रश्न तातडीचा आहे. जिल्हा निर्माण झाला १ मे १९८१ रोजी. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणीत होते. कागद असे विभागलेले असताना शेतीच्या यांत्रिकीकरणाचा जवळचा साक्षीदार उरतो तो लोखंडाचा. आणि जालना हे तर भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्यांचे शहर! नामपट्टी एकदा वितळली की तो साक्षीदार कायमचा मुका.

६/ दुसरा अपराध हौशी जतनकर्त्यांचा. जुना ट्रॅक्टर घासून, चकचकीत रंगवून ‘अस्सल’ म्हणून छायाचित्र टाकायचे. त्या घासण्यात क्रमांक झिजतो, रंगाखाली पट्टी बुजते. वर ‘दुसऱ्या मॉडेलचा भाग बसवलेला, म्हणजे अस्सल नाही’ असा शेराही मारायचा. वस्तुतः तो परका भागच अधिक बोलका असतो. कोणता पार्ट मिळेनासा झाला, त्याऐवजी काय जुळले, कुठे पट्टी ठोकून जुळवले गेले, हे तोच सांगतो. कंपनीच्या पुस्तिकेत हा इतिहास सापडणार नाही.

७/ म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी, किंवा ट्रॅक्टर भंगारात देण्यापूर्वी, चार नोंदी अवश्य व्हाव्यात : नामपट्टीचे स्वच्छ छायाचित्र; इंजिन व चासी क्रमांक; ओतीव भागांवरील क्रमांक; आणि बदललेल्या भागांची यादी, बदलणाऱ्या मिस्त्रीच्या आठवणीसह. विजेवरचा असेल तर बॅटऱ्यांची संख्या आणि व्होल्टही.

८/ लोखंड भट्टीत जायचे तर जावो. त्यावर कुणाचे तरी पोट आहे. क्रमांक मात्र टिपल्याशिवाय जाऊ नये.