पॉम्पी : प्रजासत्ताकाचा रक्षक की अपवादांचा धनी?

ज्यांनी महाविद्यालयात शेक्सपिअरचे ‘ज्यूलियस सीझर’ अभ्यासले आहे, त्यांना सीझरचा देह पॉम्पीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी कोसळतो हा प्रसंग आठवत असेल. आपल्या जुन्या घरांतून असे वाचक अजूनही पुष्कळ आहेत. प्रसंग ऐतिहासिक आहे. इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला सिनेटची बैठक पॉम्पीने बांधलेल्या सभागृहातच भरली होती. या घटनेत काव्यगत न्याय पाहण्याची प्रथा आहे. प्रजासत्ताक मोडणारा सीझर हा प्रजासत्ताकासाठी लढताना प्राणास मुकलेल्या पॉम्पीच्या चरणी रक्तबंबाळ होऊन पडला, असा तो न्याय. आमच्या मंडळातील अलीकडच्या एका चर्चेतही हाच सूर निघाला आणि उपस्थितांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या.

मला हा सूर मान्य नाही. सीझरचा कैवार घेण्याचा माझा हेतू नाही, त्याने इ.स.पू. ४९ मध्ये सैन्यानिशी रुबिकॉन नदी ओलांडली हा अपराधच होता. परंतु त्या नदीवरचा पूल त्याआधी चौतीस वर्षांपासून बांधला जात होता. तो बांधला गेला पॉम्पीसाठी, आणि त्याचे गवंडी होते रोममधील सुविद्य, कायदाप्रेमी, प्रतिष्ठित गृहस्थ. पॉम्पीला रक्षक ठरवले की या गवंड्यांची नावे आपोआप पुसली जातात. माझी तक्रार मुख्यतः याविषयी आहे.

पॉम्पीच्या कारकिर्दीचा आरंभच पाहा. इ.स.पू. १०६ मध्ये जन्मलेला हा तरुण इ.स.पू. ८३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वडिलांचे वजन असलेल्या पिसेनम प्रांतात स्वतःच्या हिमतीवर तीन लीजन, म्हणजे तीन मोठ्या पलटणी, उभ्या करतो. त्याच्यापाशी कोणतेही पद नाही, सिनेटची सनद नाही, लोकसभेचा ठराव नाही. हे सैन्य घेऊन तो यादवी युद्धात सुल्लाला जाऊन मिळतो. कायद्याच्या भाषेत याला खाजगी फौज उभारणे म्हणतात. सुल्लाने मात्र त्याला ‘इम्परेटर’ म्हणजे विजयी सेनापती या संबोधनाने गौरवले.

पुढे तो सिसिलीत गेला. तेथे तीन वेळा कॉन्सलपद भूषवलेल्या कार्बोला त्याने साखळदंडात आपल्यापुढे उभे केले आणि देहदंड दिला. मेसाना येथील नागरिक आपल्या जुन्या कायदेशीर सवलतींचा दाखला देऊ लागले, तेव्हा कमरेला तलवारी असलेल्यांना कायदे वाचून दाखवू नका, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे प्लुटार्क सांगतो. त्यानंतर आफ्रिकेतील विजय आणि त्यापाठोपाठ विजययात्रेची मागणी. ही मिरवणूक परंपरेने कॉन्सल किंवा प्रीटर यांच्याच वाट्याची. पॉम्पी तर अद्याप सिनेटचा सभासददेखील नव्हता. सुल्लाने आधी विरोध केला आणि शेवटी मान तुकवली. पंचविशीच्या आसपासचा हा बिनपदाचा तरुण रथात बसून रोमच्या रस्त्यांवरून मिरवला आणि ‘मॅग्नस’ म्हणजे ‘महान’ हे बिरुद लावू लागला.

याच सुल्लाने हुकूमशहा या नात्याने पदांचा क्रम आणि किमान वय कायद्याने बांधून दिले होते. आधी क्वेस्टर, मग प्रीटर, आणि चाळिशी ओलांडल्यावर कॉन्सल. हा क्रम डावलून कॉन्सलपदाला उभ्या राहिलेल्या ओफेल्ला या स्वतःच्याच सरदाराला त्याने भर फोरममध्ये ठार करवले. नियम एवढा कडक होता, आणि तो एका माणसाला लागू नव्हता.

इ.स.पू. ७७ मध्ये लेपिडसचे बंड मोडताना पॉम्पीने मार्कस ब्रूटस नावाच्या सरदाराला शरण आल्यानंतर मारवले. सीझरच्या मारेकऱ्यांत जो ब्रूटस आपल्याला ठाऊक आहे, त्याचा हा पिता. बंड मोडल्यावरही पॉम्पीने सैन्य बरखास्त केले नाही. ते घेऊन तो रोमच्या आसपास राहिला आणि सर्टोरियसविरुद्ध स्पेनला पाठवण्याची मागणी करू लागला. सिनेटने त्याला कॉन्सलच्या दर्जाचा अधिकार देऊन पाठवले. बंडखोर लेपिडसनेही सैन्याच्या जोरावरच मागण्या केल्या होत्या. दोघांत फरक एवढाच, की पॉम्पीची मागणी मान्य झाली.

स्पेनमधून परतल्यावर इ.स.पू. ७० मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, तो क्रॅससबरोबर थेट कॉन्सल झाला. त्याआधी त्याने क्वेस्टरपदही सांभाळले नव्हते. सिनेटने खास ठरावाने त्याला कायद्यातून मोकळे केले. सिनेटचे कामकाज कसे चालते हेच त्याला माहीत नसल्यामुळे विद्वान मित्र वॅरो याने त्याच्यासाठी एक मार्गदर्शक पुस्तिका लिहून दिली. राज्याचा सर्वोच्च अधिकारी सभेचे नियम पुस्तिकेवरून शिकत आहे, या दृश्याचे कुणाला फारसे वैषम्य वाटलेले दिसत नाही.

इ.स.पू. ६७ मध्ये समुद्री चाच्यांचा प्रश्न निघाला. संकट खरे होते. धान्याची जहाजे लुटली जात होती आणि रोममध्ये महागाई भडकली होती. गॅबिनियसच्या कायद्याने पॉम्पीला तीन वर्षांसाठी संपूर्ण भूमध्य समुद्राचा आणि किनाऱ्यापासून आत सुमारे पन्नास मैलांपर्यंतच्या मुलखाचा अधिकार मिळाला. प्लुटार्कच्या आकड्यांप्रमाणे ५०० जहाजे, १,२०,००० पायदळ आणि ५,००० घोडेस्वार त्याच्या दिमतीस देण्यात आले. वृद्ध कॅट्युलसने विरोध केला. एकाच माणसावर सारे सोपवता, त्याचे काही बरेवाईट झाले तर मग कोणाला नेमाल, असे त्याने लोकांना विचारले. तुम्हालाच, असे लोक एका आवाजात ओरडले. उत्तर आदराचे होते, परंतु ठराव मंजूर झाला. तीन महिन्यांत पॉम्पीने समुद्र मोकळा केला आणि शरण आलेल्या चाच्यांना शेतीवाडीसाठी वसवले. हे काम उत्कृष्ट झाले, याविषयी वाद नाही.

दुसऱ्या वर्षी, इ.स.पू. ६६ मध्ये, मॅनिलियसने त्याला मिथ्रिडाटीझविरुद्धच्या युद्धाचे सेनापतिपद देण्याचा ठराव आणला. पूर्वजांच्या रीतीविरुद्ध काही नवे करू नये, असा कॅट्युलसचा आक्षेप पुन्हा पुढे आला. त्याला उत्तर दिले सिसेरोने. फोरममधल्या वक्त्यांच्या मंचावरून त्याने केलेले ते पहिलेच भाषण. त्याने पॉम्पीसाठी पूर्वी झालेल्या अपवादांची यादीच वाचली. बिनपदाच्या तरुणाचे सैन्य, सिनेटबाहेरच्या माणसाची विजययात्रा, कॉन्सलच्या जागी खाजगी व्यक्तीची नेमणूक, वयाची अट माफ करून दिलेले कॉन्सलपद. एवढे सगळे याच माणसासाठी आपण, आणि स्वतः कॅट्युलसनेही, मान्य केले आहे. मग आणखी एकाला हरकत कसली? मागचा अपवाद पुढच्या अपवादाचा आधार झाला. माझ्या मते रोमन प्रजासत्ताकाचा पाया खचला तो या युक्तिवादाने, आणि तो करणारा माणूस कुणी बंडखोर नव्हता. प्रजासत्ताकावर त्याच्याइतके मनापासून प्रेम करणारे त्या काळात थोडेच होते.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. पूर्वेकडील राज्ये जिंकून, सीरियाचा प्रांत बनवून, जेरुसलेम घेऊन पॉम्पी इ.स.पू. ६२ च्या अखेरीस इटलीत उतरला तेव्हा त्याने सैन्य बरखास्त केले. मनात आणले असते तर तो त्याच दिवशी सत्ताधीश झाला असता. ही त्याची सचोटी नव्हे काय?

होय, ती सचोटी होती. परंतु प्रजासत्ताकाचे भवितव्य एका माणसाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून राहावे, हीच त्याच्या दुरवस्थेची खूण नाही काय? पुढे केटो, लुकुलस आदींनी त्याच्या पूर्वेतील व्यवस्थेला आणि सैनिकांच्या जमिनींना संमती अडवून धरली. त्यांचा हट्ट अदूरदर्शी होता हेही मी मान्य करतो. मात्र त्यावर पॉम्पीने काढलेला मार्ग कोणता? सीझर आणि क्रॅससशी खाजगी तडजोड. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरची कन्या ज्यूलिया हिच्याशी त्याने विवाह केला, आणि सीझरला पाच वर्षांसाठी गॉलचे सेनापतिपद मिळाले. इ.स.पू. ५५ मध्ये त्या सनदेची मुदत वाढवून दिली ती कॉन्सल पॉम्पी आणि क्रॅसस यांनीच. रुबिकॉन ओलांडणारे सैन्य पॉम्पीच्या संमतीने पोसले गेले होते.

त्याच सुमारास स्पेनचा कारभार मिळाला असताना तो स्पेनला गेलाच नाही. प्रतिनिधींकरवी प्रांत चालवीत तो रोमच्या वेशीजवळ राहिला. इ.स.पू. ५२ मध्ये क्लोडियसच्या खुनानंतर दंगे उसळले, तेव्हा बिब्युलसने सुचवले आणि केटोने पाठिंबा दिला, म्हणून पॉम्पी एकटाच कॉन्सल झाला. दोन कॉन्सलांनी एकमेकांवर अंकुश ठेवावा हे रोमन घटनेचे मर्म; ते नियमनिष्ठेसाठी प्रसिद्ध असलेल्या केटोनेच बाजूला ठेवले. त्या वर्षी पॉम्पीने कायदे केले आणि मोडले. पद सोडल्यावर पाच वर्षांनीच प्रांत मिळावा असा नियम केला, आणि स्वतःची स्पेनची मुदत पाच वर्षांनी वाढवून घेतली. न्यायालयात आरोपीची स्तुती करण्यास बंदी घातली, आणि आपल्या एका स्नेह्याची स्तुती स्वतःच लिहून पाठवली. उमेदवाराने समक्ष हजर राहिले पाहिजे असा कायदा केला, आणि तो कोरून कोषागारात जमा झाल्यावर सीझरपुरता अपवाद त्यात मागाहून घातला. रोमचा इतिहासकार टॅसिटस याने पॉम्पीला स्वतःच्याच कायद्यांचा कर्ता आणि विध्वंसक ठरवले आहे, ते उगाच नव्हे.

शेवटचा प्रसंग इ.स.पू. ५० च्या डिसेंबरचा. सीझर आणि पॉम्पी दोघांनीही सैन्य सोडावे, असा ठराव क्यूरिओने मांडला. ठरावाच्या बाजूने ३७०, विरुद्ध २२. सिनेटची इच्छा याहून स्पष्ट कशी असावी? कॉन्सल मार्सेलसने बैठक मोडली आणि थोड्याच दिवसांत पॉम्पीकडे जाऊन, सिनेटच्या संमतीवाचून, त्याच्या हाती तलवार देऊन इटलीतील सैन्य सोपवले. पॉम्पीने ती घेतली. सिनेटचा रक्षक सिनेटचे बहुमत डावलून रणांगणात उतरला. फार्सेलसचा पराभव आणि इ.स.पू. ४८ च्या २८ सप्टेंबरला इजिप्तच्या किनाऱ्यावर झालेला खून वाचताना मन हळहळते. मारेकऱ्यांत एकेकाळी त्याच्याच हाताखाली असलेला सेप्टिमियस होता. मरणाची करुणा मात्र कारकिर्दीचा हिशेब चुकता करू शकत नाही.

कुणी म्हणेल, दोन हजार वर्षांपूर्वीच्या या हिशेबाचे आज काय? माझे उत्तर व्यक्तिगत आहे. तरुणपणी एका संस्थेच्या कार्यकारिणीत ‘विशेष परिस्थितीत’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या ठरावाच्या बाजूने मी हात वर केला होता. अध्यक्ष खरोखरच कर्तबगार होते आणि त्यांची मुदत वाढवणे सोयीचे होते. दुसऱ्या खेपेस तसाच ठराव आला तेव्हा आधार म्हणून पहिल्याचाच दाखला वाचला गेला, आणि मला काही बोलता आले नाही. नियम मोडणारा दांडगट लगेच ओळखू येतो. नियम वाकवणारे सज्जन आपण स्वतः असतो, म्हणून ते दिसत नाहीत.

सिसेरोलाही ते दिसले नाहीत. सीझरच्या खुनानंतर ऑक्टेव्हियन या एकोणीस वर्षांच्या तरुणाने कोणत्याही पदावाचून खाजगी सैन्य उभे केले. इ.स.पू. ४३ च्या १ जानेवारीला सिसेरो सिनेटमध्ये त्याच्या बाजूने बोलला, त्याला सेनापतिपद आणि वयाच्या अटीत सवलत मागितली, त्याच्या निष्ठेची हमी घेतली, आणि दाखला दिला तो तरुण पॉम्पीचा. वर्ष संपण्यापूर्वी ऑक्टेव्हियन, अँटनी आणि लेपिडस यांनी मिळून वध करावयाच्या माणसांची यादी काढली. ७ डिसेंबरला सिसेरो मारला गेला. त्याचे मस्तक आणि हात फोरममध्ये टांगले गेले, वक्त्यांच्या त्याच मंचावर.