बाहेरची मदत

शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरातून कोल्हापूर साधारण ४५ किलोमीटर. सायकलने तिथवर जाऊन परत यायचे आणि लगेच आणखी एक खेप करायची, की १८० किलोमीटर होतात. पण त्याआधी ३.८ किलोमीटर पोहून झालेले असले पाहिजे आणि सायकल ठेवल्यावर ४२.२ किलोमीटर पळायचे असते, म्हणजे पुन्हा जवळजवळ कोल्हापूर गाठायचे. हे सगळे एका दिवसात, साधारण १६ ते १७ तासांच्या मुदतीत. याचे नाव आयर्नमॅन. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर १५ जण या शर्यतीत उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी वयाच्या ४९व्या वर्षी झुरिकची शर्यत पूर्ण केली आणि मराठी घराघरांत हे नाव पोहोचले. आता कोल्हापूर जिल्ह्यातली माणसेही परदेशी जाऊन ही शर्यत पुरी करून येतात. ती परतली की फलक लागतात, सत्कार होतात. व्हायलाच हवेत.

या शर्यतीचा एक नियम कडक आहे. आयोजकांनी वाटेत ठेवलेले पाणी आणि खाणे घ्यायचे. त्यापलीकडे बाहेरची मदत घेतली तर स्पर्धक बाद होऊ शकतो. पण हा नियम शर्यतीच्या दिवसापुरता आहे. त्याआधीच्या वर्षभराच्या सरावालाही आपण तोच लावून बसलो आहोत. सायकल स्वतःची, प्रवेशशुल्क स्वतःचे, विमानाचे तिकीट स्वतःचे. खर्च काही लाखांत जातो आणि नोकरदार माणूस तो कर्ज काढून भागवतो. पैशाचे एक वेळ जमते. पोहायचे कुठे आणि पळायचे कुठे, याचे उत्तर मात्र एकट्याने काढता येत नाही.

आपल्याकडची मुले विहिरीत पोहायला शिकतात. तिथे पाण्याची भीती मोडते, दम वाढतो. पण चार हात मारले की समोर काठ येतो. लांब पल्ल्याच्या पोहण्याला सरळ, उघडे पाणी लागते. ५० मीटरच्या तलावात ३.८ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या. तालुक्यात कडवी धरणाचे पाणी आहे. पाटबंधारे खात्याच्या परवानगीने त्याचा एक सुरक्षित पट्टा तरंगत्या खुणांनी आखून, ठरल्या दिवशी नाव आणि जीवरक्षक ठेवून सरावाला देता येईल. मुलींनाही तिथे निर्धास्त उतरता आले पाहिजे.

रस्त्याचेही तसेच. कोल्हापूर–रत्नागिरी महामार्गावर पहाटेच्या अंधारात अवजड वाहनांच्या कडेने पळणारी मुले आयर्नमॅनची नसतात. ती बहुतेक पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करत असतात. मलकापूरच्या आसपास दोन-चार किलोमीटरची सपाट, उजेड असलेली, वाहनांपासून वेगळी कडा मिळाली, तर तिचा पहिला लाभ त्यांना होईल. परदेशी जाणारा एखादाच असेल. त्याच्या निमित्ताने सगळ्यांची सोय होते, म्हणून ही मागणी चैनीची नाही.

या जिल्ह्याला हे नवे वाटायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमींना बळ दिले, खासबागेचे मैदान बांधले. खेड्यातल्या पोराला लाल माती आणि खुराक मिळाला, म्हणून कोल्हापूर कुस्तीचे झाले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिकले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी आणलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ती कुस्ती खाशाबा एकटेच खेळले. पण त्यांच्या मागे एक गहाण घर उभे होते. तो त्याग वंदनीय आहे, आणि सार्वजनिक तिजोरीने हात आखडला की काय वेळ येते, हेही तो सांगतो. सत्तर वर्षांनंतर कुणा शिक्षकावर ती वेळ येऊ नये.

मलकापूरची नगरपरिषद, शाहूवाडीची पंचायत समिती आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांनी एकत्र बसून एवढे दोनच विषय घ्यावेत: पोहायला आखलेले पाणी आणि पळायला उजेडातली वाट. आयर्नमॅनची निम्म्या पल्ल्याची शर्यत २०१९ मध्ये पणजीत आली. म्हणजे पहिली परीक्षा घाटाखाली, शेजारच्या राज्यात देता येते. तिथवर जाण्याइतकी तयारी मलकापुरातच व्हावी. सत्काराचा हार आपण घालूच. त्याआधी त्या पहाटेच्या रस्त्यावर दिवे लावू.