पिवळ्या दिव्याची वकिली

माणसाने उतारवयात कशावरूनही भांडू नये, असे माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभात तीन वक्त्यांनी सांगितले होते. तिघेही पूर्वी माझ्याशी भांडलेले होते. तो सल्ला मी बरीच वर्षे पाळला. पाणीपट्टीवरून भांडलो नाही. शेजाऱ्याने आमच्या जांबाच्या फांद्या फळांसकट छाटल्या, तरी भांडलो नाही. पण मागच्या हिवाळ्यात मी माझ्या सख्ख्या पुतण्याशी भांडलो, आणि तेही दिव्यावरून. वाचकांनी निवाडा करावा म्हणून सारी हकीकत सांगतो. निवाडा माझ्याच बाजूने लागेल अशा बेताने सांगणार आहे, हेही आधीच कबूल करून टाकतो.

आम्ही शहापूरचे. ठाण्याकडचे ते शहापूर वेगळे. आमचे भंडारा जिल्ह्यातले. नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालात की भंडारा यायच्या आधी आमचे गाव लागते. म्हणजे बसमध्ये जागे असाल तर लागते. आमच्या महामार्गाचा नंबर पूर्वी ६ होता, आता ५३ झाला आहे. नंबर बदलला, पण रायपूरकडे जाणारे ट्रक तेच. जन्मापासून ही रहदारी पाहिलेल्या पोराच्या डोक्यात चाके फिरू लागली तर नवल नाही. त्यात २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ही बातमी राज्यात कितीजणांनी मनावर घेतली ते मला माहीत नाही. आमच्या घरात एकाने घेतली.

पुतण्याने एक जुनी, सतरा आसनांची प्रवासी गाडी विकत घेतली आणि तिच्यातली आसने काढून तिचे घर करायला घेतले.

“अरे, घर आहे ना आपल्याला,” मी म्हणालो.

“आहे ना काका. पण ते कुठं जात नाही.”

मला तर घराचा हाच मोठा गुण वाटत आला आहे. पण मी गप्प बसलो, कारण या गाडीच्या मागे माझ्या आईचा आशीर्वाद होता. आई आता ८६ वर्षांची आहे. एकदा पंढरपूरला जायचे आणि गुडघे न दुमडता जायचे, ही तिची इच्छा. गाडीत पाय लांब करून झोपता येईल असा पलंग होणार, हे ऐकल्यापासून नातवाचा शब्द तिला ब्रह्मवाक्य झाला होता.

चार महिन्यांत गाडी तयार झाली. दोन पलंग, एक ओटा, पाण्याची टाकी, सुऱ्या ठेवायला खण, आणि छताला सहा पिवळे दिवे. हे दिवे गाडीबरोबरच आले होते. बोटभर लांबीचा, दोन्ही टोकांना टोप्या असलेला बल्ब आणि वरून दुधी झाकण. संध्याकाळी ते लावले की गाडीला खानावळीची नव्हे, घराची कळा येई. आई पलंगावर बसून म्हणाली, “मस्त वाटते.” माझ्या मते दिव्यांचा विषय तिथेच संपला होता.

पुतण्याच्या मते तो तिथे सुरू झाला. एका रविवारी तो कागद घेऊन आला. “काका, हिशेब पाहा. एक बल्ब १० वॅटचा. सहा बल्ब म्हणजे ६० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे ५ अँपिअर करंट खाऊन राहिले. बॅटरी १०० अँपिअर-तासांची, पण तिला निम्म्याखाली उतरवाची नाही, नाही तर ती मरते. म्हणजे ५० भागिले ५. दहा तासांत खेळ खलास. एलईडी लावले तर एक दिवा २ वॅटचा. सहांचे १२. म्हणजे १ अँपिअर. पन्नास तास!”

मी आयुष्यभर मराठी शिकवले आहे. तरीही हा गुणाकार मी दोनदा करून पाहिला आणि तो बरोबर निघाला. तेव्हा इथेच स्पष्ट सांगतो, की माझे भांडण एलईडीशी नाही. जुना बल्ब हा मुळात दिवा नव्हेच. ती एक शेगडी आहे, जी जाता जाता थोडा उजेडही देते. घेतलेल्या विजेतला फार मोठा भाग तो नुसता तापण्यात घालवतो. आमच्या घरातल्या काही मोठ्या माणसांचा स्वभावही असाच होता, म्हणून मला तो चटकन समजला. बल्ब जावा आणि एलईडी यावा, हे मला शंभर टक्के मान्य. माझे भांडण त्यानंतर जे झाले त्याच्याशी आहे.

पुतण्या भंडाऱ्याला जाऊन एलईडी घेऊन आला. सहा जुन्या दिव्यांच्या जागी सहा पट्ट्या आल्या. संध्याकाळी त्याने आम्हा सर्वांना गाडीत बसवले, “डोळे मिटा” म्हणाला, आणि एकच बटन दाबले. डोळे मिटलेले होते म्हणून निदान पापण्यांवर भागले.

गाडी ऑपरेशन थिएटर झाली होती. आमची ही समोर बसली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या चेहऱ्यावर कधी न दिसलेला निळसर रंग मला दिसला आणि मी घाबरून तब्येतीची चौकशी केली. तीही मला नेमके तेच विचारत होती. रात्री तिथेच जेवण झाले. वरणाला हळद घातलेली होती हे स्वयंपाक करणारीने शपथेवर सांगितले, पण ताटात राखाडी पाणी दिसत होते. स्वस्त पांढऱ्या दिव्यांची ही एक खोडच असते. उजेड भरपूर, पण त्यात तांबडा रंग तोकडा. मग टोमॅटो, हळद आणि माणूस तिघेही आजारी दिसतात.

“किती लख्ख आहे ना, काका?” पुतण्या म्हणाला.

या ‘लख्ख’ शब्दावर माझा राग आहे. आपल्या लोकांना उजेडाचा एकच गुण ठाऊक, तो म्हणजे लख्खपणा. घर दाखवायला नेतात तेव्हा पाहुण्याला बसा म्हणायच्या आधी सगळी बटने दाबतात. लग्नाच्या मांडवात नवरीचे डोळे पाणावतात, ते सासरी जायच्या दुःखाने की फोकसने, हे तिच्या आईलाही सांगता येत नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत तर निळा, जांभळा आणि हिरवा उजेड आळीपाळीने अंगावर घेत नागपूरहून पुण्याला जावे लागते. पहाटे उतरणारा प्रवासी झोपून आला आहे की नाचून, हे कळत नाही.

याचे मूळ मी शोधले आहे. ते आमच्याच पिढीत आहे. आमच्या लहानपणी संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसणे हे पोरांचे काम. पुढे वीज आली आणि घरात ४० वॅटचा एक पिवळा बल्ब लोंबू लागला. मग कोणा सुखवस्तूच्या बैठकीत ट्यूबलाइट लागली, आणि गावाने ठरवून टाकले की पिवळा उजेड गरिबाचा, पांढरा श्रीमंताचा. ट्यूब लागलेल्या घराला मुलगी द्यायला लोक कमी विचार करीत. २०१५ च्या जानेवारीत सरकारची उजाला योजना सुरू झाली, ९ वॅटचे एलईडी घरोघर पोचले. विजेची बचत झाली, हे सोन्यासारखे काम झाले. पण आमच्या घरी आले ते सगळे पांढरेच, आणि एलईडी म्हणजे पांढरा हे सर्वांच्या मनात पक्के बसले.

वास्तविक एलईडीला पांढरा रंग स्वतःचा नसतोच. आत एक निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळसर लेप. दोन्ही मिळून पांढरे दिसते. हा निळा दिवा बनवणे इतके अवघड होते, की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. लेप जरा वेगळा दिला की तोच दिवा पिवळसर उजेड देतो. खोक्यावर हे छापलेले असते. केल्विन नावाचा आकडा पाहावा. २७०० किंवा ३००० लिहिले असेल तर आपल्या जुन्या बल्बसारखा. ६५०० असेल तर दुपारच्या ढगाळ आकाशासारखा. वॅट तेवढेच, किंमत जवळपास तीच. पण आपण खोक्यावर वॅट वाचतो, भाव वाचतो आणि खोके फेकतो.

हे सारे मी पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, “काका, तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राहिले. सवय होऊन जाईल.” सवय होईल, हा आपल्याकडे प्रत्येक गैरसोयीवरचा अधिकृत उपाय आहे.

मग पंढरपूरच्या आधी सरावाची फेरी म्हणून आम्ही अंभोऱ्याला गेलो. चैतन्येश्वराचे दर्शन घेतले आणि वैनगंगेच्या काठाजवळ मुक्काम टाकला. दिवे लागले, आणि पंचक्रोशीतल्या किड्यांना निमंत्रण गेले. निळसर पांढऱ्या उजेडावर किडे पिवळ्यापेक्षा जास्त येतात, हे मी वाचले होते. त्या रात्री ते मी वरणात पाहिले. मी आपला ट्रान्झिस्टर लावला, तर मीडियम वेव्हवर नुसती घरघर. दिवा बंद केला की गाणे, लावला की घरघर. स्वस्त एलईडीच्या पोटातले सर्किट रेडिओत असा गोंधळ घालते. ऐकायचे असेल तर अंधारात ऐका, दिसायचे असेल तर मुकाट्याने पाहा. येताना इंजिन चालू असताना दोन पट्ट्या लुकलुकून गेल्या, ते वेगळेच. गाडी चालू असली की १२ व्होल्टचे १४ होतात. जुना बल्ब ते पचवतो, व्होल्टेज आवरणारा भाग आत नसलेला एलईडी पचवत नाही.

इथवरचे सारे मी हसण्यावारी नेले असते. पण मध्यरात्री आई पाणी प्यायला उठली. बटन एकच. तिने ते दाबले आणि सहाही पट्ट्या एकदम तिच्या डोळ्यांवर आल्या. तिने घाबरून बटन बंद केले, आणि मग मिट्ट काळोख. त्या काळोखात तिचा पाय पायरीवरून चुकला. मी आवाजाने उठलो. ती खाली बसली होती, मनगट दुसऱ्या हाताने धरून. हाड वाचले, पण मनगट आठ दिवस सुजले होते. पुतण्या तिच्यापाशी बसून “कसं काय पडली व आजी?” असे पुन्हा पुन्हा विचारत होता. ती म्हणाली,

“इतका उजेड होता का मले काही दिसलंच नाही.”

त्यावर कोणीच काही बोलले नाही. मला माझे सारे मुद्दे तोंडपाठ होते, पण त्या वेळी मीही ते काढले नाहीत.

म्हाताऱ्या डोळ्यांचे असेच असते. त्यांना उजेड जास्त लागतो हे खरे, पण झगझगाट सोसत नाही, आणि उजेडातून अंधारात आल्यावर सावरायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो. शिवाय रात्रीच्या निळसर उजेडाने शरीराला दिवस उजाडल्यासारखे वाटते आणि झोप पळते. आपल्या घरोघरच्या बायांना हे न शिकता कळत होते. म्हणून माजघरात तो झिरोचा बल्ब असे. नाव झिरो, पण खायचा १२-१५ वॅट. जुन्या मीटरला ते कळत नसे म्हणून तो झिरो. पण त्याच्या मंद उजेडात आजारी माणसाला पाणी सापडत असे आणि शेजारी झोपलेले पोर उठत नसे.

पुतण्याची बाजूही मांडतो, नाही तर वकिली एकतर्फी होईल. तो म्हणतो, तेवढ्याच वॅटमध्ये पांढरा एलईडी थोडा जास्त उजेड देतो. खरे आहे. औषधाच्या बाटलीवरची अक्षरे आणि तांदळातले खडे पांढऱ्या उजेडात बरे दिसतात. हेही खरे. मग ओट्यावर एक पांढरा लावा ना! पण माणूस दिवसभर खडे वेचत नाही. तो जेवतो, बोलतो, पडून राहतो, रात्री पाण्याला उठतो. बॅटरी किती तास टिकेल याचा हिशेब कागदावर होता; त्या उजेडाखाली कोण बसणार, याचा रकाना त्या कागदावर नव्हता. माझी तक्रार एवढीच आहे.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः पुतण्याबरोबर भंडाऱ्याला गेलो. दुकानदाराला पिवळा एलईडी मागितला. त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. “पिवळा कोन घेते जी आता? घर बिमार दिसते.” मी म्हटले, घर बिमार दिसू दे, माणसे धड दिसली पाहिजेत. मागच्या कपाटातून धूळ झटकून त्याने खोकी काढली. पुतण्याने खोके माझ्या हातातून घेतले आणि आकडा स्वतः वाचला. “२७००,” तो म्हणाला. मग आपणहून विचारले, “व्होल्टेज आवरनारे आहेत ना? चौदापर्यंत चालतीन?” मग सहांसाठी सहा वेगळी बटने घेतली. आणि घोट्याच्या उंचीवर, पायरीपाशी लावायला अर्ध्या वॅटचा एक इवलासा दिवा घेतला. तो माझ्या यादीत नव्हता. तो त्याचा त्यालाच सुचला.

आता आम्ही पंढरपूरच्या तयारीला लागलो आहोत. वरण पुन्हा पिवळे झाले आहे आणि आमची ही पुन्हा पूर्वीसारखी दिसू लागली आहे. तिला मीही तसाच दिसत असावा, कारण तिने तब्येत विचारणे बंद केले आहे. परवा रात्री आईला आम्ही गाडीत झोपवून पाहिले. सकाळी विचारले, रात्री उठली होतीस का?

“दोनदा,” ती म्हणाली.

“मग दिवा बरा आहे का?”

“कोनता दिवा?” आई म्हणाली. “मी त लावलाच नाही. दिसत होतं न सारं.”