जातं पाहून घास

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला साठवणीच्या डाळींना कीड लागू नये म्हणून काय करावं ते लिहिलं होतं. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण आहे घरखर्चाचाच.

परवा मानवतहून जाऊबाईंचा फोन आला. "अगं, पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, रॅम बत्तीसशेची नको, छत्तीसशेची घ्या. हे काय असतं गं? साडी असती तर पोत बघून मीच सांगितलं असतं!"

मला हसू आलं, पण आत कुठेतरी टोचलंही. कारण हा धडा मी २०२२ सालच्या दिवाळीत पैसे मोजून शिकले आहे.

भिशीचे नि शिकवणीचे पैसे साठवून आम्ही इथे परभणीतच कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. प्रोसेसर होता इंटेलचा आय-३ १०१००. दुकानदाराने चमचमणारी, ३६०० वेगाची ८ जीबीची एक रॅम दाखवली. "वहिनी, ही टाका, विमानासारखा पळेल." हे नि तो आकड्यांत बोलत होते. पैसे माझे होते, पण अडाणी दिसू नये म्हणून मी गप्प राहिले. पुढे उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला. त्याने पडद्यावर आकडा दाखवला, २६६६! "मामी, हा प्रोसेसर नि हा बोर्ड याहून जास्त वेग घेतच नाहीत. जास्तीचे पैसे वाया गेले."

आता हे का झालं, ते आपल्या भाषेत सांगते. प्रोसेसर म्हणजे जातं. रॅम म्हणजे जात्याशेजारच्या सुपातले दाणे. डिस्क म्हणजे आतल्या खोलीतली कणगी. जातं एका वेळी जेवढा घास घेईल, तेवढाच टाकायचा. तुमचा हात कितीही चपळ असो, ज्वारी परभणी मोती असो की दुसरी कुठली, जास्त टाकलं म्हणून पीठ लवकर पडत नाही. उलट घास फारच सावकाश टाकला, तर जातं रिकामं फिरतं. जोड जमली पाहिजे, एवढंच.

किती घास घ्यायचा हे प्रोसेसर बनवणारी कंपनीच सांगते. आय-३ १०१०० ला २६६६. त्याच्या दोन पिढ्या पुढच्या आय-३ १२१०० ला डीडीआर ४ ची रॅम असेल तर ३२००, डीडीआर ५ ची असेल तर ४८००. एएमडीच्या रायझेन ५ ५६००जी ला ३२००. याहून वेगवान रॅम घालता येते, बिघडत काही नाही. पण इंटेलच्या साध्या बोर्डावर ती खालच्या वेगाने चालते. महागड्या बोर्डावर वेग वाढवता येतो, पण तो खेळ हौशी लोकांचा. मुलांचा अभ्यास, एमएस-सीआयटीचा सराव, घरचे हिशेब यांना त्याची गरज नाही.

तर दुकानात जाण्याआधी एवढं करा, बरं का.

पहिलं, प्रोसेसरचं पूर्ण नाव, आकड्यासकट, कागदावर लिहून घ्या. नुसतं "आय-३" किंवा "आय-५" पुरेसं नाही, पिढीपिढीत फरक असतो. त्या नावाने कंपनीच्या माहितीत रॅमचा प्रकार नि वेग दिलेला असतो. मोबाईलवर पाच मिनिटांत सापडतो.

दुसरं, बोर्ड कोणत्या रॅमचा आहे ते विचारा. डीडीआर ४ नि डीडीआर ५ यांची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागेत दुसरी बसत नाही. १२१०० सारखा प्रोसेसर दोन्ही चालवतो, पण बोर्ड मात्र बहुधा एकाच प्रकारचा असतो.

तिसरं, वेगापेक्षा आधी प्रमाण बघा. ८ जीबीची एकच चमचमीत रॅम घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन साध्या बऱ्या. एका हाताने घास टाकणं नि दोन्ही हातांनी टाकणं, यात फरक पडणारच. ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याचं कामही याच रॅमवर चालतं, तिथे तर दोन असाव्यातच. दोन्ही एकसारख्या घ्या. वेगवेगळ्या वेगाच्या जोडल्या, तर दोन्ही कमी वेगाने चालतात.

चौथं, पैसे देण्याआधी कॉम्प्युटर चालू करून घ्या. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' बघा, वेग तिथेच लिहिलेला असतो. ठरल्यापेक्षा कमी दिसला, तर बायोसमधली सेटिंग करायची राहिली असेल. ती समोरच करून घ्या.

माझं काय झालं म्हणाल, तर ती चमचमती रॅम अजून आहे. गेल्या वर्षी शिकवणीच्या पैशांतून तिच्या जोडीला ८ जीबीची, साधी २६६६ ची दुसरी घेतली. त्या वेळी मात्र पुढे होऊन मी बोलले. दुकानदाराने ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "त्यांनाच विचारा, त्यांना कळतं." आता मुलगी अभ्यासाची चार पानं एकदम उघडते, तरी कॉम्प्युटर अडत नाही.

आपण भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, नि हजारोंच्या वस्तूपुढे ओठ शिवून बसतो. न कळणारं विचारण्यात कमीपणा कसला? कमीपणा गप्प राहून पैसे मोजण्यात आहे.

जाऊबाईंना सांगितलंय, कागद घेऊन जा. नि कागद तुमच्याच हातात ठेवा, भाऊजींच्या नको!