दोष पदवीचा कसा?



वनशास्त्राची पदवी स्पर्धा परीक्षेपुरतीच, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच पटले नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात हा अभ्यासक्रम ४ वर्षांचा आहे. त्यात प्रत्यक्ष कामे शिकवली जातात: सागाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा, उतारावर बुंध्याच्या वरच्या अंगाने. घेर आणि उंचीवरून लाकडाचा अंदाज बांधता आला, की व्यापाऱ्याने सांगितलेल्या उक्त्या भावावर मान डोलवावी लागत नाही. मातीचा नमुना घेतानाही बांध, उकिरडा, झाडाची सावली टाळावी लागते. डोंगरउतारावर समतल चर कुठून न्यावा, हे तर रानात हिंडूनच कळते. नोकऱ्या कमी आहेत, ही तक्रार रास्त. पण पाणलोटाची कामे काढणाऱ्या ग्रामपंचायतींनी ही पदवी घेतलेल्या मुलांना आधी आखणीला बोलवावे.

– एक वाचक, रत्नागिरी