सौर वादळे, भूकंप आणि आपली सोसायटी

सूर्यावर मोठा स्फोट झाला की आता भूकंप येणार, असे संदेश आपल्या गटांत फिरू लागतात. सुरतेत ते वाचून झोप उडते, कारण २६ जानेवारी २००१ ची सकाळ इथे कोणी विसरलेले नाही. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये होते, तरी सुरतेत इमारती कोसळून माणसे दगावली. म्हणून हा दावा नीट तपासावा, असे आम्हांस वाटते.

सौर वादळे खरी असतात. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून काढतात. १३ मार्च १९८९ रोजी अशा वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे ९ तास गेली. मे २०२४ मध्ये २००३ नंतरचे सर्वांत तीव्र वादळ आले. लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस प्रकाश दिसला. मात्र त्या महिन्यात जगात ७ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचा एकही भूकंप झाला नाही.

आम्ही बँकेत असताना फक्त जमेची बाजू पाहून हिशेब जुळला असे कधी म्हटले नाही. इथेही वादळ आले पण भूकंप झाला नाही, असे दिवस मोजावे लागतात. जगात ६ च्या वरचे भूकंप वर्षाला शंभराहून अधिक होतात. तेव्हा कोणत्याही वादळानंतर आठवडाभरात एखादा सापडणारच! २०१३ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे जेफ्री लव्ह व त्यांच्या सहकाऱ्याने जुन्या नोंदी तपासल्या. त्यांना ठोस संबंध आढळला नाही. २०२० मध्ये इटलीतील संशोधकांनी काही संबंध दिसतो असे मांडले, पण त्यावरून भूकंपाचे ठिकाण वा दिवस सांगता येत नाही.

बाहेरचे कारण निमित्त ठरू शकते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप शास्त्रज्ञ शिवसागर जलाशयाच्या पाण्याशी जोडतात. परंतु खडकांतला ताण आधीचाच होता.

२००२ च्या भारतीय मानकाच्या नकाशात सुरत तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे. २००१ मध्ये अहमदाबादेत पडलेल्या अनेक इमारतींच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, नुसत्या खांबांवर पार्किंग होते. तशा इमारती आपल्याकडेही आहेत. सभासदांनी सोसायटीच्या येत्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय जरूर घ्यावा आणि खांबांना तडे असतील तर दुरुस्तीचा खर्च पुढे ढकलू नये.