गृहकर्जाचा जामीनदार : एका सहीची किंमत

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळात घर बांधणे हीच मोठी कसोटी होती. आज शहरातील मध्यमवर्गीयाची कसोटी लागते ती बँकेच्या कर्ज विभागात. उत्पन्नाचे दाखले, विवरणपत्रे, विक्रीकरार असे सारे सादर करून झाल्यावर एखादे दिवशी निरोप येतो, 'एक जामीनदार आणा.' मग मेहुण्याला, कार्यालयातील सहकाऱ्याला किंवा जुन्या मित्राला गळ घातली जाते. 'नुसती सही तर करायची आहे,' असे कर्जदारही म्हणतो आणि भिडेपोटी सही करणाराही तसेच समजतो. या समजुतीची किंमत किती असू शकते, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

मुळात गृहकर्जात घर हेच तारण असते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपेक्षा, ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्क्यांपेक्षा आणि त्यावरील कर्ज ७५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. म्हणजे उरलेली रक्कम ग्राहकाने आधीच गुंतवलेली असते. एवढे संरक्षण हाती असताना बँकेला तिसऱ्या माणसाची हमी का लागावी? नियमित पगार, स्वच्छ पतइतिहास आणि निर्वेध कागदपत्रे असलेल्या कर्जदाराकडे बऱ्याचदा ती मागितलीही जात नाही. तेव्हा जामीनदाराची मागणी ही केवळ औपचारिकता नव्हे. कर्जदाराच्या उत्पन्नात किंवा तारणात कोठेतरी उणीव आहे, हे बँकेने दिलेले ते मूक मत असते.

ही उणीव अनेक प्रकारची असू शकते. व्यवसायाचे उत्पन्न अनियमित असते. निवृत्ती जवळ आलेली असते आणि हप्ते मात्र त्यापुढेही चालणार असतात. तरुण अर्जदाराचा पतइतिहासच तयार झालेला नसतो किंवा पूर्वीचा एखादा हप्ता चुकलेला असतो. कधी दोष कर्जदाराचा नसून तारणाचा असतो. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत गृहनिर्माण संस्था स्थापन झालेली नसते, भागपत्र मिळालेले नसते आणि त्यामुळे तारणाची नोंदही पूर्ण होत नाही. अशा वेळी काही बँका तेवढ्या काळापुरता जामीन मागतात. आपल्याकडील सहकारी बँका आणि पतसंस्थांत तर जामीनदार घेण्याची परंपरा जुनीच आहे. पहिल्या प्रकारची उणीव वर्षानुवर्षे टिकते, तर तारणाची उणीव कागदपत्रे पूर्ण होताच संपते. जामीनदाराच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. सही करण्यापूर्वी नेमका तोच विचारला जात नाही.

कायदा भिडेची दखल घेत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या,' हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात १९६८ मध्येच अमान्य केला. बँकेला थांबवून धरले तर जामिनाचा हेतूच फोल ठरेल, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. २००२ च्या सरफेसी कायद्यातील 'कर्जदार' या शब्दाच्या व्याख्येत जामीनदारही येतो. त्याच्या पतअहवालात हे कर्ज दिसते आणि उद्या त्याला स्वतःच्या घरासाठी कर्ज हवे झाले, तर ही हमी आडवी येऊ शकते.

सहकर्जदाराशी तुलना केली म्हणजे हे दुखणे अधिक स्पष्ट होते. सहकर्जदार बहुधा घराचा सहमालक असतो आणि पात्र असल्यास करसवलतही घेतो. जामीनदाराच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. रक्कम भरावी लागल्यास ती कर्जदाराकडून वसूल करण्याचा आणि बँकेकडील तारणावर दावा सांगण्याचा हक्क कायदा त्याला देतो. पण ज्याला हप्ता झेपला नाही, त्याच्याकडून ही वसुली व्हायची कशी?

त्यात बदलत्या व्याजदराची भर पडते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ३० लाखांच्या, २० वर्षांच्या नव्या कर्जाचा ७ टक्क्यांनी हप्ता सुमारे २३,२६० रुपये होतो. साडेनऊ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याजच २३,७५० रुपये! साहजिकच हप्ता तरी वाढतो किंवा मुदत तरी लांबते, आणि त्यासोबत जामीनदाराचे ओझेही. त्याच्या संमतीविना कराराच्या अटी बदलल्यास पुढील व्यवहारांपुरता तो मुक्त होतो, असे कलम १३३ सांगते खरे. परंतु बँकांच्या छापील हमीपत्रांत अशा बदलांना आगाऊ संमती बहुधा लिहून घेतलेली असते. दिलेल्या कर्जाची हमी पुढे मनात आले म्हणून काढून घेता येत नाही, आणि जामीनदाराच्या निधनानंतरही बँकेचा दावा त्याच्या मालमत्तेवर येऊ शकतो.

जबाबदारी कर्जदाराइतकी आणि माहिती मात्र शून्य, हा या व्यवस्थेतील खरा अन्याय आहे. हप्ता थकल्याचे जामीनदाराला अनेकदा नोटीस आल्यावरच कळते. तोवर ९० दिवस उलटून खाते अनुत्पादित ठरलेले असते. जो धोक्याचा वाटेकरी, त्याला वर्षातून एकदा खातेउतारा आणि पहिला हप्ता चुकताच सूचना देणे बँकांना अवघड नाही. तारण पूर्ण झाल्यावर जामीन आपोआप संपेल, अशी अटही हमीपत्रात असावयास हवी.

तोवर सावधगिरीचा भार सही करणाऱ्यावरच आहे. बँक जामीन का मागते आहे, हमी किती रकमेची आणि किती काळाची, कर्जाला विम्याचे संरक्षण आहे काय, हे विचारण्यात मैत्रीचा अपमान नाही. आणि हे कर्ज उद्या आपल्यालाच फेडावे लागले तर झेपेल काय, या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे असेल, तर सहीसाठी उचललेले पेन खाली ठेवणेच दोघांच्याही हिताचे आहे.